कर्लिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप बघताय? आधी हॅमर कोणाकडे ते शोधा

कर्लिंगची मॅच लावली की नवीन माणूस दहा मिनिटात कंटाळतो, कारण एक जण बर्फावर दगड सोडतो, दोघं पुढे ब्रश घासत पळतात आणि स्कोअर काही हलत नाही. स्कोअर सोडा, एकच बघा, हॅमर कोणाकडे आहे. हॅमर म्हणजे त्या एंडचा (मॅचमधल्या एका फेरीचा) शेवटचा स्टोन. प्रत्येक टीमचे ८, असे १६ स्टोन पडले की एक एंड संपतो आणि पॉइंट एकाच टीमला मिळतात, ज्यांचा स्टोन बटनच्या (गोल टार्गेटच्या मधल्या बिंदूच्या) सगळ्यात जवळ त्यांना, आणि समोरच्यांच्या बेस्ट स्टोनपेक्षा जवळ जितके असतील तितके.

आता खरी मजा. जी टीम पॉइंट घेते तिचा हॅमर पुढच्या एंडला समोरच्यांकडे जातो, म्हणून हॅमर हातात असताना एकच पॉइंट मिळाला तर ते नुकसानच धरतात. दोन हवेत, नाहीतर मुद्दाम हाऊस (ते गोल टार्गेट) रिकामं करून शून्यावर एंड सोडायचा आणि हॅमर ठेवून घ्यायचा (मिक्स्ड डबल्समध्ये ही सोय नाही, तिथे शून्य झालं की हॅमर जातो). हॅमर नसलेल्यांचं काम उलटं, समोरच्यांना एकावर अडवायचं किंवा स्टील करायचं, म्हणजे हॅमर नसताना पॉइंट पळवायचा. २०२२ च्या ऑलिम्पिक फायनलचा शेवट या नजरेने बघा. दहाव्या एंडला ब्रूस मोअटच्या ब्रिटनला एकच पॉइंट मिळाला, ४-४ झालं, पण हॅमर स्वीडनच्या निकलास एडिनकडे गेला आणि अकराव्या, म्हणजे जादाच्या एंडला त्याने ५-४ ने गोल्ड घेतलं!

हॅमर कळला की मग स्किपकडे, म्हणजे टीमच्या कॅप्टनकडे बघायला लागा. तो हाऊसमध्ये उभा राहून ब्रशने टार्गेट दाखवतो, आणि ओरडतो ते स्वीपिंगसाठी. घासल्याने घर्षण कमी होतं, स्टोन लांब जातो आणि कमी वळतो, म्हणजे जवळजवळ २० किलोचा दगड हातातून सुटल्यावरही दोन माणसं त्याचा रस्ता ठरवतायत, मला तर अजूनही हे बघताना अंगावर काटा येतो. आणि स्किपच शेवटचा स्टोन टाकतो असं धरून चालू नका, सिल्वाना टिरिन्झोनी स्किप असूनही तिसऱ्या नंबरवर टाकायची आणि चौथ्या नंबरवरचे शेवटचे स्टोन अलिना पेट्झ टाकायची, याच जोडीने स्वित्झर्लंडला २०१९ ते २०२३ मध्ये सलग ४ वर्ल्ड टायटल दिली (२०२० ची स्पर्धा झालीच नव्हती).

वर्ल्ड्समध्ये १३ टीम असतात, सगळ्या एकमेकींशी खेळतात म्हणजे १२-१२ मॅच, मग टॉप ६ पुढे जातात आणि त्यातल्या पहिल्या दोन थेट सेमीत. सगळं बघणं शक्य नाही, त्यामुळे मी सांगेन की एक स्किप पकडा आणि आठवडाभर त्याच्याच मागे रहा. पुरुषांत एडिन, २०२४ पर्यंत त्याची ७ वर्ल्ड टायटल झाली, किंवा २०२३ आणि २०२५ जिंकलेला मोअट. बायकांमध्ये कॅनडाची रेचेल होमन, २०१७ ला ती एकही मॅच न हरता जिंकली, मग २०२४ आणि २०२५ पण तिचंच.

एंडच्या सुरुवातीला हाऊसच्या पुढे गार्ड (आडोसा) म्हणून ठेवलेले स्टोन कोणी उडवत का नाही असं वाटेल. पहिल्या पाच स्टोनपर्यंत समोरच्यांचा गार्ड खेळाबाहेर काढता येत नाही, म्हणून मागे पडलेली टीम हॅमर नसतानाही पटापट गार्ड लावते, तेव्हा समजायचं की आता स्टीलचा डाव आहे, तो एंड अजिबात चुकवू नका.

आणि मधेच स्टोन शिल्लक असताना खेळाडू हात मिळवायला लागले तर प्रक्षेपण बिघडलं असं वाटून घेऊ नका. आता जिंकणं शक्य नाही हे कळलं की हरणारी टीम स्वतःहून हात पुढे करते, मॅच तिथेच संपते.