बाटलीची वीट: आधी धुवा, मग ठासा

बाटलीची वीट, म्हणजे प्लॅस्टिकच्या बाटलीत प्लॅस्टिकचा कचरा ठासून केलेली भिंतीची वीट, करायची तर निम्म्याहून जास्त वेळ धुण्या-वाळवण्यातच जाऊ द्या. पहिल्या खेपेला मी खाण्याची तेलकट पाकिटं नुसती झटकून कोंबली. दोन महिन्यांत चार बाटल्या फुगल्या. एकीचं बूच फिरवलं तर फुस्स करून कुजका वास बाहेर आला. चिकटून राहिलेलं अन्न आत सडून वायू झाला होता. भिंतीत बसवल्यावर हे झालं असतं तर? तेव्हापासून प्रत्येक पाकीट कापून उलगडते, धुते, दोरीवर उलटसुलट वाळवते. बोटांत चुरगाळलं की चुरचुर वाजलं पाहिजे. नाही वाजलं, तर परत दोरीवर.

बाटल्या एकाच मापाच्या घ्या, नाहीतर थर सरळ बसत नाहीत. तळाला आधी मऊ पिशवी. तळाच्या खाचांत तीच नीट शिरते. मग मूठ-मूठ कापलेलं प्लॅस्टिक घाला आणि काठीने ठासा. काठीचं टोक घासून गोल करा, म्हणजे बाटली फाटत नाही. ठासायचं कडेकडेने, नुसतं मधोमध ठासलं की बाजूला पोकळी राहते. कागद, काच, पत्रा नको.

बूच लावण्याआधी काट्यावर ठेवा. मिलीलिटरला किमान 0.33 ग्रॅम हा हिशोब: एक लिटरच्या बाटलीत 330 ग्रॅम, दीड लिटरच्या बाटलीत साधारण 500. कमी भरलं तर आणखी घालून पुन्हा ठासा. इथे दयामाया नको, पोकळ बाटली भिंतीत दबते.

काहीजण प्लॅस्टिक घरीच वितळवून लाद्या पाडतात. कृपा करून तसं करू नका. ढिगात पीव्हीसीचा (पाइपांच्या प्लॅस्टिकचा) तुकडा असला तर तापल्यावर हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू सुटतो, आणि तो थेट छातीत जातो.

छपराचा भार खांब-तुळयांवरच ठेवा. बाटल्या फक्त मधली जागा भरायला. दगडी जोत्यावर बाटल्या आडव्या लावा, माना दोरीने एकमेकींना बांधा, मधे दोन बोटं जागा सोडून गवत घातलेला चिखल भरा. गुळगुळीत बाटलीला चिखल धरत नाही, म्हणून दोन्ही अंगांना तारेची जाळी ताणून मग जाड गिलावा. बाटली कुठेच उघडी दिसता कामा नये, उन्हाने ती ठिसूळ होते.

चुलीमागच्या भिंतीत मात्र मी एकही बाटली घातली नाही. तिथे दगडमातीच.