प्लाझ्मा कटर घ्यायला निघण्याआधीची तयारी

प्लाझ्मा कटर म्हणजे वीज आणि दाबाची हवा वापरून धातू कापायचं मशीन, ते घ्यायला दुकानात जायच्या आधी एक वही घ्या आणि मागच्या तीन महिन्यांत आपण नक्की काय काय कापलं ते जाडीसकट लिहून काढा, कारण मशीन बघून जाडी ठरवली की हमखास चुकतं. आमच्याकडं नाशिकला फॅब्रिकेशनवाल्याच्या वहीत काय निघतं, तर कांदा चाळीचे अँगल, ट्रॉलीचा ३-४ एमएम पत्रा, गेट-ग्रिल आणि अधूनमधून वायनरीवाल्यांचं स्टेनलेसचं काम. एवढं असेल तर ४० अँपिअरचं मशीन पुरतं, १० एमएमपर्यंत एमएस (साधं लोखंड) स्वच्छ कापतं. बॉक्सवर २० एमएम लिहिलेलं असेल तर विचारा की हा स्वच्छ कट आहे का नुसता तुकडा वेगळा होतो ते, दोन्हीत फार फरक आहे. आणि कडेवरून न धरता पत्र्याच्या मधोमध भोक पाडून सुरुवात करणार असाल तर जाडी निम्मीच धरा. रोज १२-१६ एमएम लागत असेल तर ६० अँपिअर किंवा वरचं बघा. २५ एमएमच्या वरचं नुसतं एमएस असेल तर गॅस कटर स्वस्तात काम करतो, पण एसएस (स्टेनलेस) आणि अ‍ॅल्युमिनियम गॅसनं कापलं जात नाही, तिथं प्लाझ्माच लागतो.

मग लाईट. ४० अँपिअरला टॉर्चवर (हातात धरून कापायचं टोक) साधारण ९६ व्होल्ट धरतात, म्हणजे ३.८ किलोवॅट झाले, मशीनमधलं नुकसान धरून साडेचार, त्यात कॉम्प्रेसर मिळवला की सहाच्या पुढं जातं. महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते आजच बघा, कमी असेल तर वाढवायचा अर्ज मशीन यायच्या आधी टाका. अर्थिंग चेक करून घ्या, आणि लांब एक्स्टेन्शन लागणार असेल तर ४ स्क्वेअर एमएमपेक्षा बारीक वायर नको, व्होल्टेज पडलं की आर्क (कापणारी विजेची ज्योत) तुटतो.

आता हवा, आणि इथंच मी स्वतः मार खाल्लाय. पहिलं मशीन घेतलं तेव्हा सगळा विचार मशीनचा केला, हवेचा काहीच नाही, जुना २ एचपी कॉम्प्रेसर लावला, उन्हाळ्यात ठीक चाललं आणि जुलै लागला तसे नोझल (टॉर्चच्या तोंडाचा भोकाचा भाग) दिवसाला दोन-दोन जायला लागले, मी मशीनलाच दोष देत बसलो, शेवटी टाकीचा खालचा कॉक उघडला तर पाणीच पाणी. हवेत ओल असली की नोझलच्या आतल्या इलेक्ट्रोडमधला हाफनियम धातूचा ठिपका लवकर झिजतो, नोझलचं भोक गोल राहत नाही आणि कट तिरका जातो. म्हणून कॉम्प्रेसर घेताना मशीनच्या पुस्तकातला सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) आणि प्रेशर बघा, ४० अँपिअरच्या मशीनला साधारण ६ सीएफएम लागतात, आणि कॉम्प्रेसरच्या पाटीवर नुसतं डिस्प्लेसमेंट असतं, प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याच्यापेक्षा बरीच कमी असते, एफएडी म्हणजे ही प्रत्यक्ष हवा किती ते विचाराच. माझं मत ३ एचपीच्या खाली जाऊ नका. टाकीपासून मशीनपर्यंत वॉटर सेपरेटर हवाच, पावसाळ्यात रोज काम असेल तर ड्रायरसुद्धा, आणि टाकीचं पाणी रोज संध्याकाळी सोडायचं.

मशीन निवडताना पायलट आर्कवालंच (मालाला न टेकता टॉर्चमध्येच आधी आर्क पेटतो असं) घ्या, गंजका, रंग लावलेला माल किंवा जाळी कापताना टॉर्च टेकवायची गरज पडत नाही. पुढं सीएनसी टेबल (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग टेबल) लावायचा विचार असेल तर एचएफ स्टार्टचं (हाय फ्रिक्वेन्सीनं आर्क पेटवणारं) मशीन टाळा, त्याचा कंट्रोलरला त्रास होतो. ड्युटी सायकल ४० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं कटिंग, आणि हे माप ४० अंश तापमानाला दिलेलं असतं, एप्रिल-मे मध्ये अंबड-सातपूरच्या पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त तापतं, तेव्हा थोडं वरचं मशीन घेतलेलं बरं. टॉर्च कुठली ते नक्की विचारा, एजी६०, पी८० असल्या बाजारात सर्रास चालणाऱ्या टॉर्चचे नोझल-इलेक्ट्रोड सहज मिळतात, स्वतःचीच वेगळी टॉर्च असेल तर दुकानदाराला आधी स्पेअरचा भाव आणि स्टॉक दाखवायला सांगा, एक सेट हातात घेऊनच पैसे द्या.

डेमोला जाताना आपलाच माल न्या, गंजलेला अँगलचा तुकडा, ६ एमएमची प्लेट, एसएसचा पत्रा. दुकानदाराच्या चकचकीत पट्टीवर कुठलंही मशीन छान कापतं. कापल्यावर खाली चिकटलेली कीट (वितळून गोठलेला धातू) हातोडीच्या हलक्या टोल्यानं पडते का बघा.

सेफ्टीचं सामान त्याच दिवशी घ्या: ४० अँपिअरपर्यंत शेड ५चा (काचेच्या काळेपणाचा नंबर) चष्मा, ४० ते ६० ला शेड ६, चामड्याचे हातमोजे, सुती कपडे. एसएस कापताना क्रोमियमचा धूर निघतो, जीआयला (जस्त चढवलेला पत्रा) जस्ताचा, दोन्ही वाईट, म्हणून एक्झॉस्ट फॅन आणि धुराचा मास्क आधी बसवून मगच पहिला ट्रिगर दाबा.