रविवारी जुने कॉम्प्युटर खोलायला येताना

शाळेच्या अडगळीच्या खोलीत 14 कॅबिनेट आणि पेटीसारखे 9 मॉनिटर पडून आहेत. ते खोलायला येतो म्हणून ज्यांनी हात वर केलाय, त्यांच्यासाठी हे. स्क्रू ड्रायव्हर, ट्रे, डबे मी आणतो. तुम्ही फक्त काय उघडायचं नाही तेवढं पाठ करून या.

मॉनिटर मुळीच खोलायचे नाहीत. आतली काचेची नळी निर्वात असते, फुटली तर काचा उडतात. तिच्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत किलो-दोन किलो शिसं असतं. भंगारवाले नळीची मागची बारीक मान हातोडीने उडवतात ती तिच्यावरच्या तांब्याच्या गुंडाळीसाठी. आपल्याला ते तांबं नको. दोघांनी मिळून उचला, पडदा छातीकडे धरून.

पॉवर सप्लायची लोखंडी पेटी चार स्क्रू काढून अख्खी बाहेर घ्या, तिचं झाकण काढू नका. आतले वीज साठवणारे मोठे कपॅसिटर 300 व्होल्टच्या वर भरलेले असतात आणि प्लग काढला म्हणून लगेच रिकामे होतातच असं नाही. माझ्याकडे टोकाला खड्डा पडलेला एक स्क्रू ड्रायव्हर आहे, तो दाखवीन. त्या दिवशी मी फार हुशार होतो.

खरा वेळ मदरबोर्डला, म्हणजे कॅबिनेटमधल्या मुख्य सर्किट बोर्डाला द्या. बटणासारखा सेल प्लास्टिकच्या पट्टीने उचकटून दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावायची. 386-486 या जुन्या प्रोसेसरांच्या काळातल्या बोर्डांवर मात्र बहुतेक वेळा निळ्या वेष्टणातली जाडसर बॅटरी डाखून (सोल्डर करून) बसवलेली असते, ती निकेल-कॅडमियमची. इतक्या वर्षांत ती गळलेली असणारच. शेजारच्या तांब्याच्या रेषांवर हिरवट-पांढरी खरपुडी चढलेली दिसेल. नखाने खरवडायचा मोह होतो, मला अजूनही होतो. गळलेला द्राव तीव्र अल्कली असतो, कातडी भाजते, आणि धुळीतून विषारी कॅडमियम नाकात जातं. असा बोर्ड तसाच जाड पिशवीत घालून तोंड बांधा.

डाखामध्ये शिसं आहे. जुन्या डाखात ते 37 टक्क्यांच्या आसपास असायचं. थंड बोर्ड हाताळल्याने लगेच काही होत नाही, पण तेच हात बिस्किटाला लागतात. म्हणून चहा बाहेर, हात साबणाने धुऊनच. तापवणं, जाळणं, ॲसिडमध्ये बुडवून सोनं काढणं यातलं काही होणार नाही. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत, मला पाठवू नका. उत्तर प्रदेशात मुरादाबादला रामगंगा नदीच्या काठावर बोर्ड जाळून धातू काढायचे, तिथे काळ्या राखेचे ढीग साचले.

दोन चपटे मॉनिटरही निघालेत. त्यांच्या कडेला काडीसारख्या ट्यूब असू शकतात, त्यात थोडा पारा असतो. हात लावू नका. एखादी फुटलीच तर पंखा बंद, खिडक्या उघड्या, पंधरा मिनिटं बाहेर. मग तुकडे पुठ्ठ्याने गोळा करून बारीक चुरा चिकटपट्टीने टिपायचा आणि झाकणाच्या बरणीत टाकायचा. झाडू नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर नाहीच.

एन-95 मास्क आणा, रुमाल चालणार नाही. नायट्राइलचे हातमोजे आत, त्यावर जाड हातमोजे, कारण कॅबिनेटचा पत्रा ब्लेडसारखा कापतो. लहान मुलं आणि गरोदर बायका नकोत, शिशाची धूळ त्यांना जास्त बाधते. टेबल कोरड्या फडक्याने नाही, ओल्याने पुसायचं.

दुपारी चारला नोंदणीकृत रिसायकलरचा टेम्पो येईल. वजनाची पावती घेतल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ते काम शिपाईमामांकडे. जाताना कपडे पिशवीत भरा आणि घरी बाकीच्या धुण्यात मिसळू नका.