आहेराची वही आणि फिग्मा

यूएक्स, म्हणजे ॲप वापरणाऱ्याला सोपं जाईल असं डिझाइन, शिकणाऱ्या मुलामुलींचा एक मेसेज मला ठरलेला असतो: ‘ताई, पोर्टफोलिओसाठी विषय सुचवा ना.’ जेवण मागवायचं ॲप आणि पाणी प्यायची आठवण करून देणारं ॲप सोडून काहीही घ्या, असं मी सांगते. मुलाखत घेणाऱ्यांनी ती दोन्ही इतक्यांदा पाहिलेली असतात की पहिल्या पानावरच त्यांना जांभई येते. मी घेतलेला विषय होता नुकतंच लग्न झालेल्या जोडप्यांसाठी घरखर्चाचं ॲप. त्यात मी जिथे जिथे आपटले ते सांगते.

साल २०२३. साताऱ्याहून बी.कॉम. करून पुण्यात आले होते आणि डिझाइनचा कोर्स अर्ध्यावर होता. माझ्या रूममेटचं लग्न होऊन तीन महिने झाले होते. एका रात्री तिचा फोन आला. दोघंही कमावतात, तरी वीस तारखेला दोघांच्याही खात्यात खडखडाट, आणि त्यात या महिन्याचं भाडं कुणी भरायचं होतं यावरून अबोला. मला वाटलं, विषय मिळाला.

त्याच रात्री फिग्मा, म्हणजे ॲपच्या स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर, उघडून बसले. ही पहिली चूक. दोन गोल फोटो, मध्ये बदाम, खाली रंगीत गोल आलेख आणि दोघांना एकमेकांचा प्रत्येक रुपया दिसेल अशी सोय. नाव दिलं ‘पारदर्शक’. दुसऱ्या दिवशी सरांनी एवढंच विचारलं, ‘किती जोडप्यांशी बोललीस?’ एकाशीही नाही.

मग सात जोडपी गाठली. पहिल्या तिघांशी मी नवराबायकोला शेजारी बसवूनच बोलले, आणि ते जवळजवळ वायाच गेलं. हडपसरच्या घरात मी विचारलं, ‘खर्च कसा वाटून घेता?’ तो म्हणाला, ‘फिफ्टी-फिफ्टी. एकदम क्लिअर.’ ती कुकर बंद करायला उठली. निघताना लिफ्टपर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, ‘फिफ्टी-फिफ्टी भाडं आणि किराण्याचं हं. भाजी, दूध, मावशींचा पगार, गॅस, ते सगळं माझ्या फोनवरून जातं. त्याला वाटतं ते आपोआप होतं.’

म्हणून दोघांशी वेगवेगळं बोला. आणि ‘बजेट कसं करता’ असं विचारूच नका, लोक शाळेत विचारल्यासारखं बरोबर उत्तर देतात. मी नंतर असं करायला लागले: ‘यूपीआयचे मागचे दहा व्यवहार उघडा, रकमा सांगू नका, फक्त कुणाला आणि कशासाठी ते सांगा.’ पाचव्या-सहाव्या व्यवहारावर माणूस थांबतो. ‘हे... जरा घरचं आहे’ म्हणतो. खरं बोलणं तिथून पुढे सुरू होतं.

साताऱ्याच्या जोडप्याकडे मला आहेराची वही पाहायला मिळाली. शंभर पानी, वर प्लॅस्टिकची पिशवी, आत तिच्या मामाच्या अक्षरात चार रकाने: नाव, गाव, रोख, वस्तू. ५०१, १००१, मधेच ‘स्टीलचा डबा’. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापलेलं होतं, तरी एवढा आला होता. ही वही म्हणजे कर्जखातंच असतं, फक्त तसं कुणी म्हणत नाही. ज्यांनी दिलं त्यांच्या घरच्या लग्नात तेवढं, जमल्यास थोडं वरचढ, परत जायला हवं. माझ्या ॲपमध्ये याला जागाच नव्हती. उत्पन्नाच्या पन्नास टक्के गरजा, तीस टक्के हौस, वीस टक्के बचत हा जो नियम सगळे अभ्यासक्रम शिकवतात, त्यात आहेर कुठे बसतो? गरज म्हणाल तर नाही, हौस तर मुळीच नाही.

लग्नाचं पहिलं वर्ष महिन्यांच्या हिशेबात मावतच नाही. पहिली मंगळागौर, दिवाळसण, संक्रांतीला हलव्याचे दागिने. त्यात त्या वर्षी १८ जुलैपासून अधिक श्रावण लागला होता. अधिक महिन्यात सासरकडून जावयाला वाण जातं, अनारसे, दिवा, ऐपतीप्रमाणे चांदीचं काही. एका मुलीने मला सांगितलं की तिच्या वडिलांची ओढाताण होऊ नये म्हणून तिनेच त्यांना गुपचूप पैसे पाठवले होते, आणि तेच पैसे चांदीची वाटी होऊन तिच्या घरी परत येणार होते. आता ही नोंद कुठल्या रकान्यात टाकाल? मी तिच्याकडे बघत राहिले आणि मनातल्या मनात ‘पारदर्शक’ हे नाव खोडलं.

नव्या आराखड्यात तीन कप्पे केले: माझं, तुझं, आपलं. जे मुद्दाम ‘आपलं’मध्ये टाकाल तेवढंच जोडीदाराला दिसणार, बाकी काही नाही. तरी एक घोळ करून ठेवला. खासगी खर्चाचा तपशील लपवला, पण जोडीदाराच्या फोनवर करड्या अक्षरांत एक ओळ ठेवली: ‘खासगी: ₹४,२००’. मला वाटलं, हा प्रामाणिकपणा. चाचणीला बसलेल्या नवऱ्याचं बोट भाडं, वीजबिल, किराणा सगळं सोडून सरळ त्या ओळीवर गेलं. ‘हे काय?’ बायको हसून म्हणाली, ‘तुझ्या वाढदिवसाचं गिफ्ट मग कशातून घेऊ?’ तोही हसला. नंतर एकटी असताना तिने सांगितलं की ते पैसे आईच्या औषधांचे असतात. ती ओळ मी त्याच रात्री काढून टाकली. झाकलेल्या गोष्टीची बाह्यरेषा दाखवणं हे उघड दाखवण्यापेक्षा वाईट, निदान या घरांमध्ये.

वाटणीचंही तसंच. त्याचा पगार साठ हजार, तिचा पस्तीस, सामाईक खर्च अडतीस हजार धरा. निम्मं-निम्मं केलं तर दोघांनी एकोणीस-एकोणीस द्यायचे, तिच्या हातात सोळा हजार उरतात आणि त्याच्या एक्केचाळीस. पगाराच्या प्रमाणात केलं तर त्याने चोवीस, तिने चौदा. मी हे गणित स्क्रीनवर आपोआप मांडणार होते, पण त्यासाठी दोघांचे पगार ॲपला आणि एकमेकांना सांगावे लागतात, आणि सातांपैकी दोन घरांत नेमका आकडा माहीत नव्हता. शेवटी पगार विचारणं सोडलं. प्रत्येकाने महिन्याला किती टाकायचं ते बोलून ठरवा आणि तेवढंच लिहा. बोलणं ॲपच्या बाहेर झालं तर मला चालणार होतं.

तांत्रिक बाजू डिझायनरने कळून घ्यावीच, नाहीतर इंजिनिअर दहा मिनिटांत तुमचा आराखडा झोपवतो. ‘बँकेचे मेसेज वाचून खर्च आपोआप भरू’ असं सगळेच लिहितात. आयफोनवर ॲपला तुमचे एसएमएस वाचताच येत नाहीत. अँड्रॉइडवर गूगलने २०१८ मध्ये ही परवानगी कडक केली, पैशांच्या हिशेबाच्या ॲपना त्यातून सवलत मिळू शकते पण कारण देऊन मंजुरी घ्यावी लागते. दुसरा रस्ता अकाउंट ॲग्रिगेटरचा, म्हणजे तुमच्या संमतीने तुमची बँकेतली माहिती दुसऱ्या संस्थेला पोचवणाऱ्या मध्यस्थाचा. रिझर्व्ह बँकेचे त्याबाबतचे नियम २०१६ चे, बँका त्यावर आल्या २०२१ मध्ये. पण तिथून माहिती मागणारी संस्था कुठल्या तरी वित्तीय नियामकाच्या देखरेखीखालची लागते, तुमचा कॉलेजचा प्रोजेक्ट नाही. आणि माहिती मिळाली तरी काय मिळतं? आमच्या वाण्याच्या क्यूआरवर त्याच्या बायकोचं नाव येतं. यंत्राने ते ‘नातेवाईक’ धरलं तर दोष कुणाला द्यायचा? मी शेवटी हाताने नोंद ठेवली, दोन टिचक्यांत होईल अशी.

माझा प्रोजेक्ट संपल्यावर, २०२४ मध्ये, यूपीआय सर्कल आलं. एकाच्या खात्यातून दुसऱ्याला महिन्याला पंधरा हजारांपर्यंत स्वतःच्या फोनवरून खर्च करता येतो. आईवडिलांसाठी झकास आहे. जोडप्यांसाठी वापरणार असाल तर एक मुख्य वापरकर्ता आणि एक दुय्यम ही रचना आधी नीट बघा. घरात दुय्यम कोण होणार, याचा अंदाज तुम्हाला आहेच.

मराठी स्क्रीन करत असाल तर ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात. ‘खर्च’चा रफार माझ्या पहिल्या बटणातून गायब होता. स्वल्पविराम १,५०,००० असाच हवा, १५०,००० पाहून आई-बाबा घाबरतात. ‘अर्थसंकल्प’ लिहू नका, ते सरकारचं काम; घरात ‘बजेट’च म्हणतात. देणंघेणं पूर्ण झाल्यावर दाबायच्या बटणावर मी ‘हिशेब चुकता’ लिहिलं होतं. एकजण म्हणाली, ‘हे भांडून वेगळं झाल्यासारखं वाटतं.’ आता तिथे नुसतं ‘झालं’ आहे.

हे सगळं घेऊन मुलाखतीला गेले. समोरच्या बाईंनी आहेराची वही असलेलं पान दोनदा पाहिलं, सुंदर स्क्रीनवरून मात्र भराभर पुढे गेल्या. पोर्टफोलिओत खोडलेले आराखडे ठेवा असं मी म्हणते ते त्या दिवसापासून. मग त्यांनी विचारलं, ‘आणि हे दोघं वेगळे झाले तर?’ माझ्याकडे जोडणी करायच्या चार स्क्रीन होत्या, तोडायची एकही नव्हती. ती नोकरी मिळाली नाही.

घरी येऊन ती तोडायची स्क्रीन आखली. दोघांपैकी कुणीही एकट्याने, दुसऱ्याच्या संमतीची वाट न पाहता बाहेर पडू शकतं. ‘आपलं’मधल्या जुन्या नोंदींची प्रत दोघांकडे राहते, ‘माझं’ ज्याचं त्याच्याकडे. आहेराची वही तेवढी अडली. निम्मी नावं तिच्याकडची, निम्मी त्याच्याकडची, आणि कॉलेजचे मित्र दोघांचे. सध्या तिथे एक चौकट आहे आणि तिच्यात मी लिहून ठेवलंय: मामांना विचारणे.