दूध संस्थेच्या बिलातून शिका पीएचपीमधले क्लास आणि ऑब्जेक्ट

क्लास समजावताना बहुतेक धड्यांत मोटार येते, नाहीतर कुत्रा-मांजर. ते पाठ होतं, पण स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला बसलं की क्लास नक्की कशाचा करायचा तेच सुचत नाही. म्हणून आपण कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव रोज चालणारं काम घेऊ. सकाळ-संध्याकाळ संस्थेत दूध घातलं जातं, त्याची फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागते आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. इथे आकडा चुकला की कुणाच्या तरी घरात पैसे कमी जातात. ऑब्जेक्ट उपयोगाला येतो तो अशाच ठिकाणी, कारण माहिती आणि ती सांभाळणारे नियम त्यात एकत्र राहतात.

पीएचपी ही मुख्यतः वेबसाईटचे प्रोग्रॅम लिहायची भाषा १९९५ साली लोकांसमोर आली. तिच्यात क्लास बरेच आधीपासून होते, पण आज आपण वापरतो ती ऑब्जेक्टची पद्धत २००४ च्या पाचव्या आवृत्तीपासून रुळली. या लेखासाठी ८.१ किंवा त्यापुढची आवृत्ती लागेल. विंडोजवर झॅम्प हे पीएचपी चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं की काम भागतं.

टाईप करण्याआधी एक महत्त्वाची गोष्ट. पीएचपीत क्लास, व्हेरिएबल आणि फंक्शन यांची नावं मराठीत देता येतात. फाईल यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरंही साठवणाऱ्या पद्धतीत) सेव्ह करा म्हणजे झालं. भाषेचे राखीव शब्द मात्र इंग्रजी स्पेलिंगनेच लिहावे लागतात. खालच्या कोडमध्ये क्लास, पब्लिक, रीडओन्ली, फ्लोट, न्यू, एको, धिस, कन्स्ट्रक्ट असे शब्द वाचण्यासाठी देवनागरीत दिले आहेत, ते टाईप करताना बदला. आकडेही इंग्रजीच हवेत, ‘४’ लिहिलंत तर पीएचपी त्याला आकडा मानत नाही. शिकताना मी मराठी नावंच सुचवेन, कारण कोणता शब्द भाषेचा आणि कोणता आपला हे नजरेलाच कळतं. पुढे टीममध्ये काम करताना तिथली पद्धत पाळा.

पहिली पायरी: नोंदीचा क्लास

नवखा माणूस एका वेळच्या दुधाची नोंद अॅरेमध्ये (एका नावाखाली अनेक किमती ठेवणाऱ्या यादीत) ठेवतो. मग प्रोग्रॅमच्या कुठल्याही कोपऱ्यातून $नोंद['फॅट'] बदलता येतं आणि कुणी बदललं ते शोधत बसावं लागतं. त्याऐवजी असं लिहा:

क्लास दूधनोंद {
    पब्लिक फंक्शन __कन्स्ट्रक्ट(
        पब्लिक रीडओन्ली फ्लोट $लिटर,
        पब्लिक रीडओन्ली फ्लोट $फॅट,
        पब्लिक रीडओन्ली फ्लोट $एसएनएफ
    ) {
    }
}

$सकाळ = न्यू दूधनोंद($लिटर, $फॅट, $एसएनएफ);
एको $सकाळ->फॅट;

क्लास म्हणजे नोंद कशी असावी याची ठरलेली रचना, आणि न्यू म्हटल्यावर तयार होते ती एक प्रत्यक्ष नोंद, म्हणजे ऑब्जेक्ट. कन्स्ट्रक्टच्या आधी दोन अंडरस्कोर आहेत. हे फंक्शन ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालतं. बाणाने ऑब्जेक्टच्या आतलं काही मागायचं, आणि बाणानंतर डॉलर लिहायचा नाही. सुरुवातीला बहुतेकांचे हात इथेच अडखळतात.

रीडओन्लीमुळे फॅट वाचता येते, पण एकदा ठरली की बदलता येत नाही. बदलायला गेलात तर पीएचपी एरर देऊन थांबते. मापाची चिठ्ठी हातात पडल्यावर आकडा गुपचूप फिरू नये, हा नियम आता कोडच पाळतं.

दुसरी पायरी: चुकीची नोंद दारातच अडवा

कन्स्ट्रक्टच्या रिकाम्या महिरपी कंसात तपासणी घाला. लिटर शून्य किंवा त्याहून कमी असतील तर थ्रो वापरून इन्व्हॅलिड-आर्ग्युमेंट-एक्सेप्शन (चुकीची किंमत आली हे सांगणारी एरर) फेका. वेब फॉर्ममध्ये भरलेला आकडाही स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून येतो. फ्लोट (म्हणजे दशांशाचा आकडा) लिहिल्यामुळे आकड्यासारखी दिसणारी स्ट्रिंग पीएचपी स्वतःच आकड्यात बदलते आणि भलताच मजकूर आला तर एरर देते. हे पक्कं झालं की एक हमी मिळते: दूधनोंदीचा ऑब्जेक्ट हातात आहे, म्हणजे त्यातले आकडे तपासलेले आहेत. बाकीच्या प्रोग्रॅममध्ये तीच तपासणी पुन्हा लिहावी लागत नाही.

तिसरी पायरी: म्हैस आणि गाय

म्हशीच्या दुधाचा मूळ दर साधारणपणे ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ धरून सांगितला जातो, गायीचा ३.५ आणि ८.५ धरून. हिशेबाची रीत वेगळी, पण लिटर गुणिले दर हे दोन्हीकडे सारखंच. जे सारखं ते आईक्लासमध्ये, जे वेगळं ते लेकीच्या क्लासमध्ये. दूधनोंद क्लासच्या आधी अॅबस्ट्रॅक्ट शब्द लावा आणि आत हे घाला:

अॅबस्ट्रॅक्ट पब्लिक फंक्शन दर(): फ्लोट;

पब्लिक फंक्शन रक्कम(): फ्लोट {
    रिटर्न $धिस->लिटर * $धिस->दर();
}

$धिस म्हणजे ज्या ऑब्जेक्टवर फंक्शन चाललंय तोच ऑब्जेक्ट. आता ‘क्लास म्हैसनोंद एक्स्टेंड्स दूधनोंद’ असं लिहून तिच्यात म्हशीच्या दराचं दर() लिहा. गायनोंदीचंही तसंच. अॅबस्ट्रॅक्ट केल्यावर नुसत्या दूधनोंदीचा ऑब्जेक्ट करता येत नाही (पहिल्या पायरीतल्या न्यूच्या ओळीत आता म्हैसनोंद किंवा गायनोंद लिहा), आणि तेच बरोबर आहे, कारण जनावर माहीत नसलेल्या दुधाला दर लावणार कुठून? लेकीच्या क्लासमध्ये स्वतःचा कन्स्ट्रक्ट लिहिलात, तर आईचा आपोआप चालत नाही, तो पेरेंट म्हणून हाक मारून बोलवावा लागतो. नाहीतर दुसऱ्या पायरीतली तपासणी वगळली जाते.

चौथी पायरी: बिल

बिल हा दूधनोंदीचा प्रकार नाही, त्यामुळे इथे एक्स्टेंड्स लावू नका. बिलात नोंदी असतात, म्हणून त्या आत ठेवा:

क्लास बिल {
    प्रायव्हेट अॅरे $नोंदी = [];

    पब्लिक फंक्शन जोडा(दूधनोंद $नोंद): व्हॉइड {
        $धिस->नोंदी[] = $नोंद;
    }
}

प्रायव्हेटमुळे यादीला बाहेरून हात लावता येत नाही, जोडा() हा एकच रस्ता उरतो. एकूण() नावाच्या फंक्शनमध्ये $बेरीज शून्यापासून सुरू करून नोंदींवर फॉरईच (यादीतली एकेक गोष्ट घेणारं लूप) फिरवा आणि प्रत्येक वेळी $बेरीज += $नोंद->रक्कम(); करा. नोंद म्हशीची की गायीची, हे बिल विचारतच नाही. ज्याची त्याची नोंद आपला दर जाणते. उद्या शेळीचं दूध घ्यायचं ठरलं तर एक नवा क्लास लिहायचा, बिलाच्या क्लासला धक्का लागत नाही. मला या पद्धतीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

पशुखाद्याची उधारी वळती करण्यासाठी कपात() लिहा आणि कपात एकूण रकमेपेक्षा जास्त होणार नाही, हा नियम तिच्या आतच ठेवा.

बिलाची प्रत हवी असेल तर जपून. $दुसरं = $पहिलं; लिहिल्याने प्रत होत नाही. दोन्ही नावं एकाच बिलाकडे बोट दाखवतात, आणि एकात जोडलेली नोंद दुसऱ्यातही दिसते. वेगळी प्रत हवी असेल तर क्लोन हा शब्द वापरा.

आता फाईल चालवून म्हशीच्या दोन आणि गायीची एक नोंद जोडा, आणि एकूण हाताने केलेल्या हिशेबाशी ताडून पाहा. जमलं की दर() मधले दराचे आकडे बाहेर काढून दरपत्रक नावाचा वेगळा क्लास करा आणि तो नोंदीला कन्स्ट्रक्टमधूनच द्या. दर बदलत राहतात, आणि मागच्या दहा दिवसांचं बिल पुन्हा काढताना त्याला तेव्हाचाच दर लागायला हवा.