एक्सेलच्या मॅक्रोला शॉर्टकट की देताना

बँक जुळवणी करताना पासबुकाशी पटलेली रक्कम पिवळी करायची आणि एक घर खाली सरकायचे, हे काम एका बैठकीत शेकडो वेळा होते. सेलमध्ये ठरावीक रंग भरायला एक्सेलमध्ये एका दमात दाबता येईल अशी की नाही. ऑल्ट, एच, एच दाबले की रंगांची पेटी उघडते आणि त्यापुढे रंग शोधावा लागतो. असल्या कामाला मॅक्रो, म्हणजे एकदा नोंदवून पुन्हा पुन्हा चालवता येणारी कृतींची मालिका, आणि त्याला एक शॉर्टकट हाच खरा उपाय. खालची कृती विंडोजवरच्या एक्सेलची आहे.

आधी रकमांच्या स्तंभातला एखादा सेल निवडा. रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वीच निवडा, नाहीतर ती निवडसुद्धा मॅक्रोत नोंदली जाते. मग व्ह्यू टॅबवर मॅक्रोज या बटणाखालचा बाण उघडा आणि ‘यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस’ चालू करा. ही पायरी बहुतेकांकडून सुटते. ती सुटली आणि तुम्ही समजा बी ५ वर असलात, तर मॅक्रो ‘एक घर खाली’ असे न नोंदता ‘बी ६ वर जा’ असे नोंदतो. मग तुम्ही चाळीसाव्या ओळीत असलात तरी तो तुम्हाला उचलून बी ६ वर नेऊन ठेवतो.

आता त्याच यादीतून ‘रेकॉर्ड मॅक्रो’ निवडा. मॅक्रोचे नाव अक्षराने सुरू व्हावे आणि त्यात मोकळी जागा नसावी. दोन शब्द अंडरस्कोरने जोडा. शॉर्टकटच्या चौकटीत कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून लहान जे टाइप करा, की कंट्रोल-जे ठरले. शिफ्ट धरून मोठा जे टाइप केलात तर कंट्रोल-शिफ्ट-जे होईल. येथे अक्षरेच चालतात, आकडे किंवा चिन्हे नाहीत. ‘स्टोअर मॅक्रो इन’मध्ये ‘पर्सनल मॅक्रो वर्कबुक’, म्हणजे सगळ्या फाइलींत वापरायचे मॅक्रो ठेवण्याची वेगळी फाइल, निवडा आणि ओके करा. पिवळा रंग भरा, खालचा बाण एकदा दाबा, रेकॉर्डिंग थांबवा. झाले.

आधीच असलेल्या मॅक्रोला की द्यायची असेल तर ऑल्ट-एफ८ दाबा, मॅक्रो निवडा, ऑप्शन्सवर क्लिक करा. चौकट तीच.

कोणते अक्षर घ्यावे

येथे घाई करू नका. तुमचा शॉर्टकट एक्सेलच्या मूळ शॉर्टकटला बाजूला सारतो आणि एक्सेल त्याची सूचनाही देत नाही. मॅक्रो एखाद्या साध्या फाइलमध्ये असेल तर ती फाइल उघडी असेपर्यंतच हे घडते. पर्सनल वर्कबुक मात्र एक्सेलबरोबर दर वेळी उघडते. त्यात कंट्रोल-सी देऊन बसलात तर सगळ्याच फाइलींतले कॉपी गेले. कंट्रोलबरोबरची बहुतेक अक्षरे व्यापलेली आहेत. जे आणि एम ही सहसा मोकळी सापडतात. शिफ्ट जोडले की जागा वाढते, तरी कंट्रोल-शिफ्ट-एल फिल्टरसाठी, यू फॉर्म्युला बार मोठा करण्यासाठी आणि नव्या आवृत्त्यांत व्ही फक्त किमती पेस्ट करण्यासाठी आहे, ती सोडा.

शिफ्टची एक खोड मात्र फार छळते. मॅक्रो दुसरी फाइल उघडत असेल आणि त्याची की शिफ्टसह असेल, तर फाइल उघडते आणि मॅक्रो तिथेच मुकाट थांबतो. कारण शिफ्ट धरून फाइल उघडणे म्हणजे मॅक्रो न चालवता उघडणे, असा एक्सेल अर्थ घेतो. कोडमध्ये चूक शोधत तास घालवू नका, शिफ्टविना की द्या.

की दाबली, पण काही झाले नाही

सेल संपादनात असेल, म्हणजे आत कर्सर लुकलुकत असेल, तर शॉर्टकट चालत नाही. एंटर किंवा एस्केप दाबून बाहेर या. फाइल एक्सएलएसएक्स म्हणून जतन केली असेल तर मॅक्रो त्यात उरतच नाही, मॅक्रो सांभाळणारा एक्सएलएसएम हा प्रकार घ्या. ईमेलने किंवा इंटरनेटवरून आलेल्या फाइलीतले मॅक्रो २०२२ पासून मुळातच अडवले जातात. फाइल खात्रीच्या माणसाकडून आली असेल तरच तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकवर टिक करा.

पर्सनल वर्कबुकमधले सगळेच शॉर्टकट एका दिवसात बंद पडले तर बहुधा एक्सेल मध्येच कोसळले आणि त्याने ती फाइल बाद यादीत टाकली. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स येथे तळाशी मॅनेजमध्ये ‘डिसेबल्ड आयटम्स’ निवडून गो दाबा आणि ती पुन्हा चालू करा. दुसरे कारण साधे असते: एक्सेल बंद करताना पर्सनल वर्कबुकमधले बदल जतन करायचे का, या प्रश्नाला नकार दिलेला असतो.

मॅक्रोचा मजकूर कॉपी करून दुसऱ्या फाइलीत चिकटवला तर की सोबत येत नाही, कारण ती मजकुरात दिसत नाही अशा जागी साठवलेली असते. मॉड्यूल, म्हणजे मॅक्रोचा मजकूर ज्यात असतो तो भाग, एक्सपोर्ट करून इम्पोर्ट केले तर येते. कोडच्या वर हिरव्या ओळीत लिहिलेल्या शॉर्टकटवर विसंबू नका. ऑप्शन्समधून की बदलली तरी ती ओळ जुनीच राहते.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. व्हीबीए या मॅक्रोच्या भाषेच्या संपादकात देवनागरी टाइप केली की प्रश्नचिन्हे उमटतात. ‘एकूण’ किंवा ‘शिल्लक’ असे शब्द मॅक्रोने लिहायचे असतील तर ते एखाद्या शीटवरच्या सेलमध्ये ठेवा आणि मॅक्रोला तिथून उचलायला सांगा.

अक्षरांऐवजी आकडा हवा असेल तर मॅक्रो क्विक ॲक्सेस टूलबारवर, म्हणजे नेहमीच्या बटणांच्या छोट्या पट्टीवर, बसवा. तिथला पहिला ऑल्ट-१ ने चालतो, दुसरा ऑल्ट-२ ने. कोणतीही मूळ की बिघडत नाही, म्हणून नवशिक्याने याच वाटेने सुरुवात करावी.

आणि मॅक्रो चालला की अनडूची यादी पुसली जाते. कंट्रोल-झेडने त्याचे काम मागे फिरत नाही, आधीचेही फिरत नाही. नवी की प्रथम दाबण्यापूर्वी फाइल जतन करा, आणि पहिली चाचणी प्रतीवरच घ्या.