फ्रीझरसाठी इन्व्हर्टर की जनरेटर?

फोंड्यातील माझ्या मासळीच्या दुकानात दोन डीप फ्रीझर आहेत, आणि पावसाळ्यात फांदी तारांवर पडली की वीज कधी परत येईल याचा नेम नसतो. सुरुवातीला मी 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या एका बॅटरीवर चालणारा घरगुती इन्व्हर्टर बसवला; दिवे आणि वजनकाटा व्यवस्थित चालले, पण फ्रीझरचा कॉम्प्रेसर सुरू होताच इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडे. इलेक्ट्रिशियनने क्लॅम्प मीटर (तारेतील प्रवाह मोजणारे यंत्र) लावला, तेव्हा उलगडा झाला: चालू असताना जेमतेम दोन अँपिअर घेणारा कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी पाच-सहा पट प्रवाह ओढतो. शिवाय बॅटरीत कागदोपत्री 1,800 वॉट-तास (12 गुणिले 150) वीज असली, तरी लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते, म्हणजे हाती उरतात सुमारे 900. (विक्रेत्याने हे सांगितले नव्हते, मीही विचारले नव्हते.)

अखेर फ्रीझरसाठी 5 केव्हीएचा डिझेल जनरेटर घेतला आणि एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवला, जेणेकरून जनरेटरची वीज उलटी खांबावरील तारांत जाऊन लाइनमनच्या जिवावर बेतू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असल्याने जनरेटर मागच्या उघड्या पडवीत ठेवला आहे. दोन्ही फ्रीझर दोन मिनिटांच्या अंतराने सुरू करतो. दिवे आणि काटा अजूनही इन्व्हर्टरवरच चालतात.